दहा वर्षं मफलरच विणायलेय, पुढं कसं जायचं?

टाका_गळला (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. इथं गोधडीवर, रांगोळीवर, भरतकामावर धागे आहेत, लोकरीच्या विणकामावर एकही दिसला नाही म्हणून हा काढतेय. (धाग्यावर धागा हा विनोद मीच करून टाकलाय, आता पुढं कुणी करू नका.)

विणायला आईनं शिकवलं. जूनमध्ये पाऊस लागला की आमच्याकडं चार महिने कपडे वाळत नाहीत, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मग खिडकीशी बसायचं नि सुया हातात घ्यायच्या. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं, टाके बंद करणं, संपलं माझं शिक्षण. तेवढ्यावर आजवर अकरा मफलर आणि चार टोपडी झाली. घरात प्रत्येकाकडं माझा मफलर आहे, शेजारच्या अक्कांकडं दोन आहेत. परवा त्यातलाच एक दिरांच्या स्कूटरवर सीट पुसायला दिसला. तेव्हाच ठरवलं, आता बास.

दोन वेळा स्वेटर घेतला होता. पाठ होते, पुढचे भाग होतात, गळ्याशी आलं की अडतं. गळ्याची पट्टी विणली की ती परकराच्या झालरीसारखी फुगून उभी राहते. दोन्ही वेळा उसवून लोकर डब्यात टाकली.

मोबाइलमध्ये तीनशेवर व्हिडिओ साठवलेत. बघताना सगळं कळतं, पण सुया हातात घेतल्या की पुन्हा मफलरच होतो. तर विचारायचं असं की हात सुधारायला नेमकं काय करावं? आणि तुम्हाला नवीन सुचतं कुठून?


मंदाकाकू (खानापूर)

नाव झकास घेतलंयस बाई. तिथनंच सुरुवात कर, टाका गाळ.

चेष्टा नाही. तीस टाके घाल, दहा-बारा सुया, म्हणजे ओळी, साधं विण, एक ओळ सुलट एक ओळ उलट. मग सुलट बाजूनं मधला एक टाका मुद्दाम सुईवरनं सोड आणि खाली ओढून चार ओळी घसरू दे. छातीत धस्स होईल, होऊ दे. आता चष्मा लावून बघ. खाली एक फास लोंबतोय आणि त्याच्यावर चार आडव्या तारा आहेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एक पायरी म्हणजे एक ओळ. क्रोशाची सुई पुढनं फाशात घाल, लगतची पायरी पकड, फाशातनं बाहेर ओढ. मग पुढची. चारदा केलंस की टाका परत सुईवर. हे वीस वेळा कर. टाका गळायची भीती गेली की निम्मं विणकाम आलं असं समज. मफलरच्या पुढं न जाणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या, बहुतेकींना अडवते ती ही भीतीच. चुकलं तर सगळं उसवावं लागेल म्हणून अवघड वीण घ्यायलाच नको वाटतं.

दुसरं, टाका वाचायला शीक. सुलट टाका गव्हाच्या लोंबीगत दिसतो, दोन दाणे एकमेकांना टेकलेले. उलट टाका म्हणजे पोतीतला मणी, आडवा. सुईवर बसलेल्या फाशाला दोन पाय असतात. डाव्या सुईवर त्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या अंगाला पाहिजे. तो मागं गेलेला असताना तू नेहमीसारखं पुढनं विणलंस तर टाका पिळतो. गळलेला टाका घाईनं उचलला की हमखास असं होतं. माझी आई शाळेत गेली नव्हती, पण बसमध्ये पुढच्या बाईच्या स्वेटरची पाठ बघत यायची आणि घरी येऊन तीच वीण उतरवायची. तुझ्या तीनशे व्हिडिओंपेक्षा ती एक पाठ बरी.

गळ्याचं उद्या सांगते. दूध उतू चाललंय.


फक्त_वाचक

वाचनखूण साठवली. काकू, उद्या नक्की या.


खांब_मुका_खांब (शहापूर)

एवढा व्याप कशाला? क्रोशा घ्या की. एकच सुई, एकच फास, गळायचा तर तोच गळणार. गळ्याची पट्टी मुक्या खांबाची, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्याची, घातली की झालर नाही नि काही नाही.


टाका_गळला

खांबताई, तुमचं खरं आहे. पण सुयांवरच करायचं असा हट्ट आहे. क्रोशाचा स्वेटर मला जरा जाड आणि ताठ वाटतो.


खांब_मुका_खांब

ताठ तुमचा हात असेल. असो.


तंबाखू_आणि_लोकर (निपाणी)

ताई, मी पुरुष आहे आणि विणतो. हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पाचव्या प्रतिसादाला कुणीतरी विचारतंच. आजीकडनं शिकलो. तिनं सायकलच्या चाकाच्या तारा कापून, फरशीवर घासून टोकं काढली होती, त्या पाच तारांवर मोजे विणायची. घरात तंबाखूचा वास, हातात लोकर. माझ्या पहिल्या टोपीला आठवडाभर जर्द्याचा वास होता.

हात सुधारायचा तर मापाचा तुकडा विणायला लागा. सगळे सांगतात, कुणी करत नाही, मीही करत नव्हतो. भावासाठी स्वेटर घेतला. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले होते. स्वेटरचा घेर १०० सेंमी, म्हणून २२० टाके. पाठ आणि पुढा मिळून बरोबर तेवढेच घातले. माझा हात घट्ट. माझे १० सेंमीत २५ टाके बसतात, हे मला स्वेटर शिवून झाल्यावर कळलं. २२० टाके भागिले २५, गुणिले १०, म्हणजे ८८ सेंमी. बारा सेंटिमीटर गेले कुठं, तर दर दहा सेंमीतल्या तीन टाक्यांत. भाऊ तो स्वेटर घालून हात वर करू शकत नव्हता. लग्नाच्या फोटोत तसाच उभा आहे, कडक सॅल्यूट मारायच्या तयारीत.

तर १५ सेंमीचा चौकोन विणायचा, मधले १० सेंमी पट्टीनं मोजायचे. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरायचे नाहीत. टाके जास्त आले तर सुई एक नंबर जाड घ्यायची, कमी आले तर बारीक. हात मुद्दाम सैल करून बघू नका. अर्ध्या तासात टीव्हीवर काहीतरी लागतं आणि हात परत मूळ पदावर येतो.

आणखी एक. साध्या विणीची मागची बाजू उन्हात तिरकी धरून बघा. एका ओळीआड आडवी पन्हाळ दिसत असेल तर तुमच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल आहेत. पुष्कळांचं तसं असतं. उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई वापरायची. दोन हातांत दोन जाडीच्या सुया, दिसायला येडपट, पण पन्हाळ जाते.


अनगोळ_ते_ओहायो

दादा, सुईचे नंबर म्हणताय तर एक धोक्याची पाटी लावते, मी त्यात आपटलेय. आपल्याकडचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. इथली ८ नंबर म्हणजे ५ मिमी, आणि आपल्या ८ नंबरला इथं ६ म्हणतात. मी बेळगावहून आईच्या सुया घेऊन आले आणि इथल्या नमुन्यात ८ लिहिलंय म्हणून ८ घेतली. शाल व्हायची होती, झाला टेबलक्लॉथ, तोही स्टुलाचा. तेव्हापासून नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते. सुईवर छापलेलं पुसलं असेल तर भोकांची मोजपट्टी मिळते, तीत सुई घालून बघायची.

नमुन्यांसाठी रॅव्हलरी नावाची साइट बघा, २००७ पासून चालू आहे. फुकट नमुने ढिगानं आहेत. लोकरीची जाडी, सुई, किती मीटर लोकर लागेल, असं चाळून शोधता येतं. मुख्य म्हणजे एकाच नमुन्यावर विणलेले शेकडो जणांचे फोटो दिसतात. जाहिरातीतल्या बारीक मुलीवर छान दिसणारा स्वेटर माझ्यासारख्या बाईवर कसा दिसेल ते आधीच कळतं. इंग्रजीची भीती असेल तर तक्त्याचे नमुने निवडा. चौकोन नि खुणा मोजता आल्या की भाषा लागत नाही.


सीमेवरचा_शिलेदार

शीर्षकाखाली बेळगाव लिहिलंय ते बघून बरं वाटलं. पण अलीकडं काही लोक


टाका_गळला

दादा, तो विषय दुसऱ्या धाग्यावर. इथं गळ्याची पट्टी चाललीय.


मंदाकाकू (खानापूर)

आले. गळा.

पाठीच्या खालच्या काठाला तू टाके घालतेस तेव्हा टाक्याला टाका असतो. गळ्याचा खोलगट भाग मात्र उभ्या कडेचा, तिथं ओळी असतात. तू काय करतेस, प्रत्येक ओळीतनं एक टाका उचलतेस. बरोबर ना? म्हणून झालर. टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. चार ओळी मिळून साधारण तीन टाक्यांएवढ्या भरतात. म्हणून उभ्या कडेवर तीन ओळींतनं तीन टाके उचलायचे, चौथी ओळ सोडायची. असं करत जा. खाली मध्ये टाके बंद केलेत तिथं मात्र एकास एक. खांद्याच्या कोपऱ्यात भोक दिसलं तर तिथं एक जादा उचलून पुढच्या सुईला दोन एकत्र विणायचे.

पट्टीला दोन नंबर बारीक सुई घे. आणि बंद करताना हात सैल सोड, नाहीतर डोकं जाणार नाही. माझ्या नातवाचा कान एकदा अडकून लाल झालता, सुनेनं आठ दिवस ऐकवलं.


टाका_गळला

काकू!!! डब्यातली लोकर काढली, तो मेलेला स्वेटर नव्यानं विणला. चार ओळींना तीन टाके. पट्टी सपाट बसली. मी आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच गळ्यावरनं हात फिरवायलेय.

मध्ये एकदा केबलची, म्हणजे वेणीसारखी पिळाची, वीण चुकली, तेव्हा आणखी एक युक्ती सापडली. दर वीस ओळींनी गोधडीचा दोरा जाड सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतनं आडवा घालून ठेवायचा. चुकलं तर बिनधास्त उसवायचं, त्या दोऱ्याशी येऊन थांबतं. टाके जागच्या जागी राहतात, परत सुईवर घ्यायचे. ही कुठल्या व्हिडिओत होती आठवत नाही, तीनशेतला एक तरी कामाला आला.

आता दुसरा प्रश्न. सुचतं कुठून? केबल झाली, जाळी झाली. पण सगळं दुसऱ्याचं वाटतं. व्हिडिओतल्या बायका बर्फाचे कण नि हरणं विणतात. मी टिळकवाडीत बसून हरणं कुठली विणू?


मागवाला (वडगाव, बेळगाव)

ताई, मी लोकरीतला नव्हे. आमच्या घरी माग होता, वडिलांपर्यंत चालला. पण हरणं वाचून राहवलं नाही.

तुमच्या आजीचं कपाट उघडा. इरकल असेल. नसेल तर खणाची चोळी असेल, गुळेदगुड्डची. ती खिडकीत धरून बघा, नुसती सुंदर आहे असं म्हणून ठेवून देऊ नका. खणातली नक्षी जवळनं बघितली तर चौकटीतल्या चौकटी आहेत. उभा किती दोरे, आडवा किती दोरे, मोजून बसवलेली असते. तुमच्या विणीत चौकोनी तक्ता असतो असं वर ओहायोच्या ताई म्हणाल्या ना? मागावरही तेच असतं. आमचे वडील नक्षी कागदावर चौकोन भरून काढायचे, चहाच्या डागासकट.

इरकलीवर कशिदा केलेलं एखादं लुगडं सापडलं तर सोनं. त्यात गोपुर असतं, रथ, पालखी, हत्ती, मोर, तुळशी वृंदावन. पूर्वी काळ्या चंद्रकळेवर भरायच्या. सगळं दोरे मोजून, कापडावर पेन्सिलीनं काढायचं नाही. म्हणजे तुमचा तक्ता तयारच आहे, फक्त कागदावर उतरवायचा.

रंगसुद्धा तिथनंच घ्या. इरकलीच्या काठात डाळिंबी, मोरपंखी असे रंग शेजारी शेजारी असतात. दुकानात सुचणार नाहीत, आपण बेबी पिंक घेऊन येतो.


धारवाडची_सून

मागवाल्या दादांचं वाचून अंगावर काटा आला. मी मूळची चिकोडी तालुक्यातली, लग्न होऊन धारवाडला. सासूबाई कसुती करतात, म्हणजे दादा म्हणतात तोच इरकलीवरचा कशिदा. घरात विणकामाला हेणिगे म्हणतात आणि लोकरीला उण्णे. मला पहिल्या वर्षी वाटायचं की 'उण्णे' म्हणजे माझ्या कामात काहीतरी उणं काढतायत.

कसुतीत चार टाके. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे जाताना एक टाका एक जागा सोडत जायचं, परत येताना सोडलेल्या जागा भरायच्या. मुरगी तशीच, पण जिन्यासारखी. नेगी मागावर विणल्यासारखी दिसते. मेंथी म्हणजे फुली, मेथीचे दाणे टाकल्यासारखी. तक्ता काढायचा तर मेंथीचं काम घ्या, एक फुली एक चौकोन, सरळ हिशेब. गवंतीच्या नुसत्या रेघा असतात, त्या विणीत उतरवायला त्रास होतो.

सासूबाईंचा नियम एकच. गाठ मारायची नाही. दोऱ्याची सुरुवात आणि शेवट टाक्यांतच लपवायचा. नवीन मुलगी काम दाखवायला आली की आधी कापड उलटं करतात. पुढची बाजू बघतच नाहीत.


टाका_गळला

आजीचं इरकल निघालं! पदराजवळ लाल दोऱ्यात गोपुर आहे, मेंथीचं. गणिताच्या वहीच्या चौकोनी कागदावर उतरवलं, ३३ चौकोन रुंद आणि ३३ उंच. दोन तास लागले, मान धरली. दोन रंग एकदम विणायची भीती वाटली, म्हणून आधी काळ्या लोकरीचा साधा चौकोन विणला आणि जाड सुईनं लाल लोकर ओवून प्रत्येक टाक्यावर त्याच्याच आकारात वरनं भरलं.

झालं असं की गोपुर बसलं. म्हणजे खरंच खाली बसलं. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीसारखं दिसतंय. चौकोन मी तीनदा मोजले, एकही चुकलेला नाही. पट्टी लावली तर रुंदी १५ सेंमी आणि उंची ११. वहीत तर सारखं होतं!


तंबाखू_आणि_लोकर (निपाणी)

ताई, हसलो, माफ करा. टाकी झकास शब्द आहे.

काकूंनी गळ्याला काय सांगितलं? चार ओळींना तीन टाके. तेच आहे हे. वहीतला चौकोन चौरस असतो, तुमचा टाका नसतो. तुमच्या विणीत १० सेंमीला २२ टाके आणि ३० ओळी दिसतायत. ३३ टाक्यांचे झाले १५ सेंमी, ३३ ओळींचे झाले ११. टाकी होणारच.

दर तिसरी ओळ दोनदा विणा. ३३ मध्ये ११ ओळी वाढल्या की ४४ होतात, उंची साडेचौदाच्या वर जाते, गोपुर उभं राहतं. कळसाची टोकाची ओळ मात्र दुप्पट करू नका, टोक बोथट दिसतं. शेजारची घ्या. नाहीतर असा कागद घ्या की ज्यात चौकोन बुटके असतात. विणकामाचा तक्त्याचा कागद म्हणून छापून घेता येतो. पण आधी हातानं एकदा करा, कुठली ओळ वाढवायची ते डोळ्याला कळायला लागतं.


माळावरचा (चिकोडीकडचा)

विषय जरा बाजूला नेतो. आमच्याकडं धनगरांची घोंगडी होते, दख्खनी मेंढीच्या लोकरीची. हातानं कातलेली काळी लोकर थोडी मागून घेतली आणि सुयांवर विणून बघितली. पिशवी झाली, बसायला आसन झालं, दोन्ही मस्त. टोपी केली, ती मी पाच मिनिटं घातली. केस उलटे उभे राहिले आणि कपाळ खाजून लाल. घोंगडी नवी असताना कडक असते ती चिंचोक्याच्या खळीमुळं, असं मला वाटायचं. खळ नसली तरी ही लोकर मुळातच भरड. पण तिचा काळा रंग रंगवलेला नाही, मेंढीचाच आहे, आणि दुकानातल्या ॲक्रिलिकच्या काळ्याशेजारी ठेवला तर त्यात तांबूस छटा दिसते. गोपुराला हा काळा घेऊन बघा, अंगाला लागणार नाही अशा वस्तूवर.


मंदाकाकू (खानापूर)

माळावरच्या, खाज आली तरी घालायचं, आमच्या वेळी घालत होतो. पण पिशवीची कल्पना चांगली.

टाका_गळला, आता दोन रंग एकदम विण. भीती काय आहे? मागं जो रंग मोकळा जातो तो पाच टाक्यांपेक्षा लांब जाऊ द्यायचा नाही, मध्येच दुसऱ्या दोऱ्यात एकदा अडकवून घ्यायचा. नाहीतर बाळाचं बोट त्यात गुंततं. आणि तो मागचा दोरा ताणायचा नाही. उजव्या सुईवरचे टाके बोटानं पसरून मग पुढचा टाका घाल.

लोकर एका वेळी सगळी आण. वेष्टनावर लॉट नंबर असतो, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, तो सारखा बघून. मी एकदा दोन गुंडे कमी पडले म्हणून पंधरा दिवसांनी आणायला गेले, रंग तोच, लॉट वेगळा. शिवेपर्यंत काही कळलं नाही. यांनी दुपारच्या उन्हात तो स्वेटर घातला तर एक बाही वेगळी. आता वेगळा लॉट घ्यावाच लागला तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं विणते, डोळा फसतो.


टाका_गळला

भाच्याला टोपी. वर्षाचा होईल, डोकं ४६ सेंमी. गोपुर टोपीला उंच होत होतं म्हणून लुगड्यातलंच तुळशी वृंदावन घेतलं, ११ चौकोन रुंद. ११ टाक्यांची नऊ वृंदावनं, ९९ टाके, २२ च्या हिशेबानं ४५ सेंमी. दर तिसरी ओळ दोनदा. गोल सुईवर विणली, त्यामुळं उलट ओळी नाहीतच. काळ्यावर डाळिंबी.

सगळं बरोबर झालं आणि टोपी लहान झाली. ४१ सेंमी, आणि ताणतही नाही. भाच्याच्या डोक्यावर ठेवली तर वाटीसारखी नुसती वर बसते. वहिनी म्हणाली, गणपतीला घालू. दादा, आता कुठं चुकलं? मी मापाचा तुकडा विणला होता, शपथ.


तंबाखू_आणि_लोकर (निपाणी)

तुकडा एका रंगात विणला होता का?


टाका_गळला

...होय की ओ.


तंबाखू_आणि_लोकर (निपाणी)

दोन रंगांत मागचे दोरे ओढून धरतात, टाके जवळ येतात. तुमचे १० सेंमीत २४ झाले, ९९ टाक्यांचे ४१. ताणत नाही तेही त्यामुळंच. दोन रंगांचं काम असेल तर तुकडाही दोन रंगांचा, आणि टोपी असेल तर तोही गोलच विणायचा. एक अंदाज असा की दोन रंगांत टाका थोडा चौकोनाच्या जवळ जातो, त्यामुळं दर तिसरी ओळ दोनदा हेही पुढच्या वेळी मोजूनच ठरवा. वृंदावन जरा उंच झालंय का?


टाका_गळला

झालंय थोडं. तुळस मात्र छान वाढलेली दिसते.

टोपी आता शेजारच्या अक्कांच्या नातीला बसली, सहा महिन्यांची आहे. त्यांच्याकडं माझे दोन मफलर होतेच. भाच्यासाठी ११० टाके घातलेत, दहा वृंदावनं, दोन रंगांचा तुकडा मोजून. आणि त्या पहिल्या टोपीवर मी आत्ता कोमट इस्त्री फिरवणार होते, म्हणजे सपाट बसेल.


अनगोळ_ते_ओहायो

थांब! लोकर खरी की ॲक्रिलिक? ॲक्रिलिक असेल तर इस्त्री टेकवू नकोस. एकदा चेपलं की कायमचं चेपलं, टाक्यांचा जीव जातो. मी एक पूर्ण बाही अशी चपटी केलीय, प्लास्टिकच्या पिशवीसारखी चकचकीत. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळत घाल. पिळायचं नाही, टांगायचं नाही.


टाका_गळला

ॲक्रिलिक. इस्त्रीचं बटण बंद केलं.


धारवाडची_सून

टोपीचा फोटो टाका ना. सासूबाईंना दाखवते.


मंदाकाकू (खानापूर)

होय की, टाक. आणि आतली बाजू बाहेर काढून तिचाही टाक, आधी तीच बघणार आम्ही.


टाका_गळला

पुढच्या बाजूचा टाकलाय, आडवा आलाय, सरळ कसा करतात? आतल्या बाजूचा उद्या. आत्ता लाइट गेली.